क्रोनोग्राफ घड्याळात पाणी शिरू नये म्हणून घरी काय करायचं?

कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरच्या बिद्रीत मनगटावरच्या घड्याळाला पाणी काही चुकत नाही. मृग लागला की पाऊस आणि रोप लावणीचा चिखल. गळीत हंगाम सुरू झाला की दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यातली वाफ, गुऱ्हाळावरच्या काहिलीची ऊब आणि उसाच्या रसाचे चिकट हात. शिवाय नमाजी माणसाचा दिवसातून पाच वेळा वजू. अशा हातात स्टॉपवॉचवालं, तीन छोट्या तबकड्यांचं क्रोनोग्राफ घड्याळ असेल, तर ते किती दिवस कोरडं राहील?

अशी घड्याळं आपल्याकडे सहसा नुसती वेळ बघायला घेतलेली नसतात. कुणाला निकाहात सासरकडून मिळालेलं असतं, कुणी पहिल्या पगारातून घेतलेलं असतं, कुणाच्या भावाने आखातातून येताना आणलेलं असतं. मागच्या झाकणावर ‘वॉटर रेझिस्टंट’ असं कोरलेलं असतं, म्हणून माणूस निर्धास्त असतो. मग एखाद्या सकाळी काचेच्या आतून धुकं दिसतं. पाणी शिरलेल्या घड्याळाला वॉरंटी मिळेलच असं नाही, आणि आतलं यंत्र गंजलं तर दुरुस्तीचा खर्च कधी कधी नव्या घड्याळाइतका होतो.

यामागचं कारण साधं आहे. झाकणावरची ती अक्षरं घड्याळ नवं असतानाची ताकद सांगतात. पाणी अडवण्याचं काम धातू करत नाही, आतल्या रबराच्या बारीक कड्या करतात, आणि रबर म्हातारं होतं. घरच्या देखभालीने ते म्हातारपण लांबवता येतं. फक्त घरी काय करायचं आणि कुठे थांबायचं, हे कळलं पाहिजे.

क्रोनोग्राफलाच जास्त का जपायचं?

क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. शब्दाचा अर्थ ‘वेळ लिहिणारा’. १८२१ साली फ्रान्समध्ये निकोला रियुसेक यांनी घोड्यांच्या शर्यतीसाठी बनवलेलं यंत्र तबकडीवर खरोखरच शाईचा ठिपका उमटवायचं. शाई केव्हाच गेली, नाव मात्र राहिलं.

साध्या घड्याळात पाणी शिरायच्या तीन जागा असतात: काचेची कड, मागचं झाकण आणि चावी, म्हणजे वेळ लावायचं ते बाजूचं बोंड. क्रोनोग्राफमध्ये यात दोन बटणांची भर पडते. वरचं बटण काटा सुरू आणि बंद करतं, खालचं तो शून्यावर आणतं. म्हणजे पाच दारं झाली. त्यातली काच आणि झाकण बसलेल्या जागी स्थिर असतात. चावी आणि दोन बटणं मात्र हलणारी.

बटणाच्या आत एक बारीक दांडी असते, दांडीवर रबराची कडी आणि परत ढकलायला स्प्रिंग. बटण दाबलं की दांडी कडीसकट नळीत आत सरकते. कोरड्यात काही बिघडत नाही. पण बाहेर पाणी असताना दाबलं, तर सरकणाऱ्या कडीबरोबर एखादा थेंब आत ओढला जाऊ शकतो. नळीत माती किंवा बगॅसची धूळ असेल तर दर दाबाला ती कडीला घासते. म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा: घड्याळ ओलं असताना बटण दाबायचं नाही आणि चावी ओढायची नाही. काही महाग क्रोनोग्राफची बटणं आटे फिरवून बंद करता येतात. ती बंद असल्याशिवाय पाण्याजवळ जायचं नाही.

‘३० मीटर’ म्हणजे नक्की काय?

पाण्यात दर १० मीटर खोलीला साधारण एक बार, म्हणजे एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून ३० मीटर, ३ बार आणि ३ एटीएम या तिन्ही खुणांचा अर्थ एकच. रोजच्या वापरातल्या घड्याळांसाठी आयएसओ २२८१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातल्या चाचण्या नव्या घड्याळावर, ठरावीक तापमानाला आणि थोड्या वेळासाठी होतात. प्रत्येक नग तपासलाच पाहिजे असंही नाही, नमुने तपासले तरी चालतं. पाणबुड्यांच्या घड्याळांचं मानक वेगळं आहे, आयएसओ ६४२५. त्यात प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या दाबापेक्षा २५ टक्के जास्त दाबाला तपासावं लागतं.

व्यवहारात याचा अर्थ असा लावायचा. आकडा नसेल किंवा ३० मीटर लिहिलं असेल, तर हात धुताना उडालेलं पाणी आणि पावसाचे थेंब चालतील, बस. ५० मीटरचं घड्याळ थोड्या वेळच्या पोहण्याला पुरतं असं अनेक कंपन्या सांगतात. पण ते क्रोनोग्राफ असेल आणि दोन-तीन वर्षं जुनं असेल तर नदीत नेऊ नका. १०० मीटरचं, कड्या चांगल्या असलेलं घड्याळ पोहताना चालतं. २०० मीटर आणि त्यावरची खास पाण्यासाठीच बनतात.

घड्याळ पाण्यात टिकतं हे जगाला पटायला जाहिरात लागली होती. रोलेक्सने १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ ही बंद केस आणली आणि १९२७ मध्ये इंग्लिश खाडी पोहणाऱ्या मर्सिडीज ग्लाइट्झ यांच्याकडे ते घड्याळ दिलं. थंड पाण्यात तासन् तास राहूनही ते चालू राहिलं. तेव्हा ते नवं होतं. आपल्या हातातलं घड्याळ नवं राहिलेलं नसतं, हाच फरक आहे.

हात हलवल्याने दाब वाढतो का?

बरेच जण सांगतात की पोहताना हात मारला की दाब कितीतरी पटीने वाढतो, म्हणून ३० मीटरचं घड्याळ पाण्यात टिकत नाही. हिशेब करून बघू. पाण्यात हात सेकंदाला ५ मीटर इतक्या वेगाने फिरवला, आणि हा वेग फारच झाला, तरी त्याने वाढणारा दाब सव्वा मीटर खोलीएवढाच असतो. पाच मीटर उंचीवरून विहिरीत उडी टाकली तर पाण्याला भिडताना वेग सेकंदाला जवळपास १० मीटर होतो आणि दाब पाच मीटर खोलीएवढा भरतो. पाण्यावर आपटण्याचा क्षणिक धक्का त्याहून वेगळा, म्हणून उडी टाकताना घड्याळ काढलेलं बरं. पण नुसत्या हात मारण्याने चांगल्या कड्या हार मानत नाहीत.

खरे शत्रू तीन: जुनं झालेलं रबर, ओल्यात दाबलेलं बटण आणि गरम-थंडाचा झटका. चौथा हल्ली गावोगाव आलाय, तो म्हणजे गाडी धुवायचा प्रेशर पंप. घरगुती वापराच्या यंत्रातही पाणी शंभर बारच्या आसपास दाबाने निघतं. ती धार जवळून बटणाच्या फटीवर पडली, तर ३ किंवा ५ बारच्या घड्याळाने काय करावं? मोटारसायकल धुताना घड्याळ खिशातही नको, घरात ठेवा.

गरम-थंडाचा झटका

घड्याळाच्या आत थोडी हवा कोंडलेली असते. गुऱ्हाळावर किंवा कारखान्याच्या गरम विभागात काम करताना ती समजा ४५ अंशांपर्यंत तापली. तिथून थेट नळाखाली हात धरला आणि घड्याळ २५ अंशांवर आलं, तर आतला दाब सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. आतून ओढ लागते. ही ओढ साठ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतकी असते. नवी कडी ती सहज सोसते. ताठ झालेली, भेगाळलेली कडी सोसत नाही, आणि बाहेरचं पाणी आत खेचलं जातं.

थंडीत गरम पाण्याने आंघोळ करताना, डोक्यावरून वाफ जाताना हेच घडतं. साबणाचं पाणी तर साध्या पाण्यापेक्षा बारीक फटीत लवकर शिरतं. त्यामुळे घड्याळ कितीही मीटरचं असो, आंघोळीला ते काढून ठेवा. उन्हातून किंवा भट्टीजवळून आलात तर दहा मिनिटं सावलीत थांबा, मग हात धुवा.

रोजच्या सवयी

वजू करताना पाणी कोपरापर्यंत आणि घड्याळाखालच्या त्वचेलाही लागलं पाहिजे. घट्ट पट्टा तिथे आडवा येतो. म्हणून घड्याळ काढून वजू करणं दोन्ही अर्थांनी बरं. फक्त ते हौजाच्या काठावर ठेवू नका, खिशात टाका. काठावरून फरशीवर पडलेल्या घड्याळाची काच फुटली नाही, तरी केसचा सांधा हलू शकतो. आणि मनगट पुसूनच घड्याळ परत घाला. ओल्या मनगटावर चढवलं की झाकणाखाली ओल अडकते, घाम आणि मळ मिसळून तिथे चिकट थर बसतो आणि स्टीलच्या झाकणालाही सांध्यापाशी गंजाचे खड्डे पडू शकतात.

जुम्म्याला, ईदला अत्तर लावायचं तर दुसऱ्या मनगटावर लावा. तेलकट अत्तराने चामड्याचा पट्टा काळवंडतो आणि काही प्रकारचं रबर फुगतं. स्प्रेमधल्या अल्कोहोलने रबर सुकतं. सॅनिटायझर, केसांचं तेल, रॉकेल आणि पेट्रोल यांचंही तसंच.

उसाचा रस किंवा काकवी हातावर उडाली तर लगेच ओल्या फडक्याने पुसा. साखर पाण्यात विरघळते, पण बटणाच्या फटीत वाळली की खडा होते. मग बटण दाबल्यावर आतच अडकून राहतं. तसं झालं तर टाचणीने उकरू नका. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं बटणावर काही मिनिटं दाबून ठेवा, पुसा, पुन्हा ठेवा. दोन-तीनदा केल्यावर साखर सुटते. नाहीच सुटली तर घड्याळवाल्याकडे न्या.

काही जण सेल वाचवायला चावी ओढून घड्याळ कपाटात ठेवतात. चावी ओढलेली असताना तिच्या कड्या पूर्ण जागेवर बसलेल्या नसतात, आणि पावसाळ्यात कपाटातही दमट हवा असते. ठेवायचंच तर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. आट्याची चावी असेल तर आधी हलकेच उलटी फिरवा, आटा बसल्याचं बोटाला जाणवलं की सुलटी फिरवून बंद करा. जोर लावू नका, जास्त आवळल्याने कडी चेपते.

महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं

१. चावी आत आहे, काच तडकलेली नाही आणि झाकण सैल नाही, हे आधी बघा. यात काही शंका असेल तर पाणी लावायचंच नाही.

२. पट्टा काढता येत असेल तर काढा. चामड्याचा असेल तर तो बाजूला, त्याला पाणी नको.

३. मऊ, जुना दात घासायचा ब्रश कोरडाच घेऊन बटणांच्या भोवती, चावीखाली आणि झाकणाच्या खाचेत फिरवा. धूळ कोरडी असतानाच निघाली पाहिजे, ओली झाली की तिचा चिखल आत जातो.

४. मग ओल्या, पिळलेल्या फडक्याने पुसा. १०० मीटरचं आणि अलीकडे तपासून घेतलेलं घड्याळ असेल तर साध्या नळाच्या मंद धारेखाली धरलं तरी चालेल. कोकणात जाऊन समुद्रात भिजलेलं असेल तर गोड्या पाण्याने धुणं आवश्यकच. मीठ वाळलं की त्याचे खडे कडीला कापतात.

५. मऊ सुती कापडाने पुसून तासभर सावलीत ठेवा. हेअर ड्रायर नको, गॅसजवळ नको, उन्हात नको.

६. पूर्ण कोरडं झाल्यावर दोन्ही बटणं चार-पाच वेळा दाबा. काटा सुरू करा, थांबवा, शून्यावर आणा. न वापरलेली बटणं जाम होतात. बटण खरखरत असेल किंवा आळसाने परत येत असेल, तर ती आतल्या कडीची किंवा स्प्रिंगची तक्रार समजा.

आत ओल आहे का, हे बघायची एक निरुपद्रवी युक्ती आहे. मानकातल्या एका चाचणीचंच हे घरगुती रूप म्हणा. घड्याळ तासभर हातात राहून अंगाच्या उबेने कोमट झालं की काचेवर माठातल्या गार पाण्याचा एक थेंब मिनिटभर ठेवा आणि पुसा. थेंबाच्या जागी आतून धुकं दिसलं तर आत ओल शिरलेली आहे. धुकं दिसलं नाही म्हणून कड्या शाबूत आहेत असं मात्र सिद्ध होत नाही. आणि खात्री करायला म्हणून घड्याळ ग्लासात बुडवून बघू नका. नापास झालं तर परीक्षेतच बुडेल.

झाकण घरी उघडायचं का?

बाजारात झाकण उघडायची हत्यारं स्वस्तात मिळतात, मोबाईलवर व्हिडिओही भरपूर आहेत. तरी पाणी अडवणारं क्रोनोग्राफ घरी उघडू नये असंच आम्ही सांगू. उघडणं सोपं असतं, बंद करणं अवघड. कडी केसाएवढी बाहेर आली किंवा झाकणाखाली चिमटली, तर डोळ्यांना सगळं ठीक दिसतं आणि पहिल्या पावसात घड्याळ बुडतं. कड्या मापाच्याच लागतात, त्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात लागतो, आणि बटणांच्या कड्या बदलायच्या तर आतलं यंत्रच बाहेर काढावं लागू शकतं. बहुतेक वेळा बंद केल्यावर दाबाची तपासणी होत नाही, ते यंत्र घरात नसतंच. व्हॅसलीन, खोबरेल तेल किंवा गाडीचं ग्रीस कडीला कधीच लावू नका. व्हॅसलीन आणि गाडीचं ग्रीस खनिज तेलापासून बनतात, त्याने काही जातींचं रबर फुगून सैल पडतं. खोबरेल तेल धूळ धरतं आणि थंडीत गोठतं.

सेल बदलताना हे विचारा

घड्याळ उघडण्याची हक्काची वेळ म्हणजे सेल बदलण्याची. रस्त्याकडेला दोन मिनिटांत सेल मिळतो, पण पाणी अडवण्याची ताकद अनेकदा त्याच दोन मिनिटांत जाते. घड्याळवाल्याला नम्रपणे, पण स्पष्ट विचारा. झाकणाची रिंग बदलली का? बसायची खाच साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं का? चावीच्या आणि बटणांच्या कड्या कशा आहेत? बंद केल्यावर दाबाची तपासणी कराल का?

ही तपासणी दोन प्रकारची असते. कोरड्या पद्धतीत यंत्र घड्याळाभोवती हवेचा दाब वाढवून केस किंचित दबते का आणि तशीच राहते का, हे मोजतं. हवा आत गेली तर केस परत फुगते, म्हणजे गळती आहे. ओल्या पद्धतीत दाबाच्या हवेत ठेवलेलं घड्याळ पाण्यात सोडून दाब हळूहळू कमी करतात. गळती असेल तिथून बुडबुडे निघतात. आपल्या गावात ही सोय नसेल तर कोल्हापूरला कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात चौकशी करा. तपासणीची तारीख कागदावर लिहून घड्याळाच्या डब्यात ठेवा. दर दोन-तीन वर्षांनी कड्या बघून घ्याव्यात, पाण्यात वापर जास्त असेल तर दरवर्षी.

हे काम कधी करायचं, यालाही महत्त्व आहे. भर पावसात उघडून बंद केलेल्या घड्याळात दमट हवाच कोंडली जाते. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा २७ अंशांवर आली तरी दव धरते. मग पाणी न शिरताही काचेवर धुकं येतं. म्हणून फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत, मृग लागायच्या आत हे उरकून घ्या.

पाणी शिरलंच तर

सगळ्यात आधी बटणं दाबणं बंद. बाहेरून घड्याळ पुसून कोरडं करा. नंतर चावी ओढून ठेवा, म्हणजे बहुतेक सेलच्या घड्याळांचे काटे थांबतात. तांदळाच्या डब्यात घालायचा उपाय मोबाईलवरून घड्याळापर्यंत पोचलाय, पण तांदळाची पूड फटीत जाते आणि बंद केसमधली ओल तांदूळ काढू शकत नाही. त्यापेक्षा झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांबरोबर काच खाली करून ठेवा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, घड्याळवाल्याकडे न्या.

धुकं आपोआप गेलं तरी न्यायचंच. धुकं जातं म्हणजे पाणी बाहेर गेलं असं नाही, ते आतल्याच धातूवर जाऊन बसलेलं असतं. बारीक चक्रांवर गंज चढायला काही दिवस पुरतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारखं गढूळ पाणी किंवा समुद्राचं खारं पाणी शिरलं असेल तर एक रात्रही थांबू नका. सांगताना कुठलं पाणी होतं ते खरं सांगा, त्यावर आतली सफाई ठरते.

शेवटी हिशेब सोपा आहे. रबराची कडी ही घड्याळातली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि तिच्या भरवशावर सगळ्यात महाग वस्तू बसलेली असते. वजूला घड्याळ काढणं, ओल्यात बटण न दाबणं, महिन्याची पंधरा मिनिटं सफाई आणि पावसाळ्याआधी एक फेरी घड्याळवाल्याकडे. एवढं सांभाळलं तर निकाहातलं घड्याळ मुलाच्या मनगटावरही चालू अवस्थेत जाईल, इन्शाअल्लाह.